मित्रदेशाला तोफ द्यायची, म्हणजे नेमकं काय काय द्यायचं?

औंधच्या लष्करी तळावर परदेशी तुकड्या संयुक्त सरावाला येतात. खडकीत सरकारी दारूगोळा कारखाना आहे, पाषाणला तोफा आणि रॉकेटांची रचना होते, मुंढव्यात पोलाद घडवलं जातं. संरक्षण धोरण दिल्लीत ठरतं हे खरं, पण त्यातलं 'मित्रदेशांना सैनिकी मदत' हे प्रकरण ज्या वस्तूंच्या आणि माणसांच्या जोरावर चालतं, त्यांतली बरीच पुण्याच्या आसपास आहेत. तरीही 'अमुक देशाला भारताची क्षेपणास्त्रं' अशी बातमी आली की चर्चा दोनच टोकांना जाते: एकीकडे अभिमान, दुसरीकडे 'आपल्याच जवानांना कमी पडतंय, बाहेर कसली वाटता?' मधला सगळा व्यवहार कोणी सांगत नाही. मदत जाहीर करणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरी परीक्षा पुढची पंचवीस-तीस वर्षं चालते.

आधी 'मित्रदेश' कोण ते पाहू. नाटोच्या करारातलं पाचवं कलम म्हणतं, एका सदस्यावरचा सशस्त्र हल्ला हा सगळ्यांवरचा हल्ला मानला जाईल. हे कलम आजवर एकदाच लागू झालं, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. भारताने कोणाशीही असा करार केलेला नाही. त्याच्या जरा जवळ जाणारा ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार होता. त्यातही हल्ल्याच्या प्रसंगी ताबडतोब सल्लामसलत करण्याचं वचन होतं, फौज धाडण्याचं नव्हतं. भूतानशी असलेलं नातं वेगळं आणि जास्त घट्ट आहे. तिथे भारतीय लष्कराचं प्रशिक्षण पथक १९६० च्या दशकापासून तळ देऊन आहे.

प्रत्यक्ष फौज पाठवण्याचे प्रसंगही आले. १९८७ मध्ये शांतिसेना श्रीलंकेत गेली आणि १९९० मध्ये सुमारे बाराशे जवान गमावून परतली. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधला उठाव मोडायला आग्र्याहून छत्रीदल उडालं आणि ते काम झटपट उरकलं. श्रीलंकेचा अनुभव दिल्ली विसरलेली नाही. तेव्हापासून शेजाऱ्यांना मदत द्यायची वेळ आली की फौजेपेक्षा बोटी, हेलिकॉप्टरं, कर्ज आणि शिक्षण पुढे केलं जातं.

ठरवतं कोण?

अमेरिका किंवा ब्रिटनसारखा छापील, प्रसिद्ध केलेला 'राष्ट्रीय सुरक्षा धोरण' नावाचा दस्तऐवज भारताकडे नाही. संरक्षणमंत्र्यांकडून सैन्यदलांना जाणारा कार्यनिर्देश गोपनीय असतो. त्यामुळे आपल्याकडे धोरण ओळखायचं ते निर्णयांवरून आणि पैशांवरून.

मोठे निर्णय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीत होतात. पंतप्रधान, संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र खात्यांचे मंत्री त्यात असतात. आपल्या स्वतःच्या सैन्यासाठीची खरेदी त्याआधी संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या संरक्षण खरेदी परिषदेपुढे येते. परदेशाला काही द्यायचं असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचा शब्द जड असतो, कारण कोणाला दिल्याने कोण दुखावेल याचा हिशोब त्यांच्याकडे. संसदेची प्रत्येक विक्रीला परवानगी लागत नाही. अमेरिकेत ठराविक रकमेवरची विक्री काँग्रेसला आधी कळवावी लागते, आणि ती अडवण्याचा मार्ग काँग्रेसकडे असतो. आपल्याकडे संसद अनुदानाच्या मागण्या मंजूर करते, स्थायी समिती अहवाल देते, महालेखापाल नंतर हिशोब तपासतात. थोडक्यात, आपल्याकडे बहुतेक प्रश्न घटना घडून गेल्यावर विचारले जातात.

आता पैसा. २०२५-२६ चा संरक्षण अर्थसंकल्प ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपयांचा होता. आकडा ऐकून डोळे विस्फारतात, पण त्यातले सुमारे १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनाचे. पगार, इंधन, देखभाल वगैरे चालू खर्च वजा जाता नवीन सामान आणि बांधकामांसाठी उरले १ लाख ८० हजार कोटी, म्हणजे सव्वीस टक्क्यांच्या आसपास. त्यातल्या आधुनिकीकरणाच्या रकमेपैकी तीन चतुर्थांश, म्हणजे सुमारे १ लाख ११ हजार ५४५ कोटी, देशी उत्पादकांसाठी राखून ठेवलेले होते. मित्रदेशांना दिलेली मदत या अर्थसंकल्पात शोधायला गेलात तर फारशी सापडणार नाही. अनुदानाच्या स्वरूपातली मदत परराष्ट्र मंत्रालयाच्या खात्यातून जाते. भूतान, मालदीव यांच्या नावाने तिथे स्वतंत्र ओळी असतात, त्यात रस्ते, दवाखाने, वीज प्रकल्प सगळंच येतं. नौदलाची जुनी बोट भेट दिली तर तिची किंमत कुठल्याच ओळीत ठळक दिसत नाही.

कर्ज हा प्रकार मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण बातम्यांत सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. 'भारताने व्हिएतनामला ५० कोटी डॉलर दिले' असं वाचलं की वाटतं, तेवढी रक्कम त्यांच्या खात्यावर गेली. तसं होत नाही. भारताच्या एक्झिम बँकेमार्फत सवलतीच्या दराची कर्जमर्यादा खुली होते. तिला 'लाइन ऑफ क्रेडिट' म्हणतात. समोरचं सरकार काय घ्यायचं ते ठरवतं, भारत ते तपासतो, करार भारतीय कंपनीशी होतो आणि बँक पैसे थेट त्या कंपनीला देते. कर्ज फेडतं ते सरकार, बऱ्याच वर्षांच्या हप्त्यांनी. मालाचा आणि सेवेचा मोठा वाटा, साधारणपणे ७५ टक्के, भारतातून घेण्याची अट असते. म्हणजे या पैशाचा बराचसा भाग देशाबाहेर जातच नाही.

अडतं ते मधल्या पायरीवर. व्हिएतनामसाठीची ५० कोटी डॉलरची मर्यादा २०१६ मध्ये जाहीर झाली आणि वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली. बांगलादेशसाठी २०१७ मध्ये ठरलेल्या तेवढ्याच मर्यादेचंही घोडं अडलं. कारण सरळ आहे. घेणाऱ्या सैन्याला हवी असलेली वस्तू भारतात तयार मिळत नाही, किंवा भारत जी द्यायला तयार असतो ती त्यांना नको असते. उलट व्हिएतनामलाच दिलेली १० कोटी डॉलरची आधीची मर्यादा व्यवस्थित वापरली गेली. त्यातून १२ जलद गस्ती बोटी ठरल्या, पाच भारतात आणि सात व्हिएतनामच्या गोदीत बांधल्या, आणि जून २०२२ मध्ये काम पूर्ण झालं. वस्तू साधी, गरज स्पष्ट, आणि निम्म्याहून अधिक बांधणी त्यांच्या घरी. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हिएतनामशी पुन्हा ३० कोटी डॉलरचे कर्जकरार झाले, तेही गस्ती बोटींसाठीच.

कागद: परवाना आणि शेवटचा वापर

पुण्यातल्या एखाद्या कारखान्याने तोफेचा सुटा भाग बनवला आणि परदेशातून ऑर्डर आली, तर माल थेट बंदरावर नेता येत नाही. शस्त्रास्त्रं आणि दुहेरी (लष्करी आणि नागरी) वापराच्या वस्तूंची 'स्कोमेट' नावाची सरकारी यादी आहे. तिचा सहावा गट युद्धसामग्रीचा. त्या गटातल्या वस्तूंचा निर्यात परवाना संरक्षण उत्पादन विभाग देतो. अर्जासोबत खरेदीची ऑर्डर, मालाचं तांत्रिक वर्णन आणि मुख्य म्हणजे अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र लागतं. घेणाऱ्याने त्यात लेखी दिलेलं असतं की माल आम्हीच वापरू, परस्पर दुसऱ्याला देणार नाही. सुट्या भागांसाठी आणि ठराविक देशांसाठी खुला सर्वसाधारण परवानाही आहे, म्हणजे दर खेपेला नव्याने अर्ज करावा लागत नाही. २०२४-२५ मध्ये असे १,७६२ निर्यात परवाने दिले गेले, आदल्या वर्षी १,५०७.

प्रमाणपत्र कागदावर भक्कम दिसतं. माल एकदा बाहेर पडला की त्यावर नजर ठेवणं अवघड असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय तोफगोळे युरोपीय देशांमार्गे युक्रेनला पोहोचल्याची बातमी रॉयटर्सने दिली. परराष्ट्र मंत्रालयाने ती तर्कावर आधारलेली आणि खोडसाळ ठरवून फेटाळली. खरं-खोटं बाजूला ठेवलं तरी या प्रसंगातून एवढं कळतं की तोफगोळ्यासारखी वस्तू मूळ मालकाच्या राजकारणातून सुटत नाही. गोळ्यावर लॉट क्रमांक असतो, तो सापडला की प्रश्न दिल्लीला विचारला जातो.

दुसरी बाजू अशी की भारतही मोकळा नाही. ब्राह्मोस ही भारत-रशियाची संयुक्त निर्मिती, त्यामुळे ती कोणाला द्यायची यात मॉस्कोचा होकार लागतो. फिलिपाईन्सशी सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा करार जानेवारी २०२२ मध्ये झाला, पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये पोहोचली. निर्यातीच्या ब्राह्मोसचा पल्ला २९० किलोमीटर सांगितला जातो, तो उगाच नाही. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत ३०० किलोमीटर पल्ला आणि ५०० किलो वाहून नेण्याची क्षमता ही लक्ष्मणरेषा आहे, आणि भारत २०१६ पासून त्या व्यवस्थेचा सदस्य आहे. तेजस विमानाचं इंजिन अमेरिकन, म्हणून तेजस विकायचं तर वॉशिंग्टनला विचारावं लागणार. एखादी वस्तू 'स्वदेशी' आहे का, याची निर्यातीच्या बाजारात खरी कसोटी ही: ती विकताना तुम्हाला कोणाकोणाची परवानगी काढावी लागते?

प्रत्यक्ष वस्तू: १५५ मिलिमीटर

आता एक तोफ जवळून पाहू, कारण मदतीतली गुंतागुंत तिच्यात नीट दिसते. एटॅग्स ही ओढून न्यायची तोफ पाषाणच्या एआरडीई या प्रयोगशाळेने भारत फोर्ज आणि टाटा यांच्यासोबत विकसित केली. व्यास १५५ मिलिमीटर, नळीची लांबी व्यासाच्या ५२ पट, म्हणजे जवळपास ८ मीटर. काम २०१३ मध्ये सुरू झालं, २०१७ मध्ये पोखरणला ४८ किलोमीटरचा पल्ला गाठला, आणि भारतीय लष्कराचा ३०७ तोफांचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. बारा वर्षं. नवीन शस्त्राच्या बाबतीत हा काळ जगात कुठेही फार लांब मानत नाहीत, पण शेजारच्या देशाला पुढच्या वर्षी तोफ हवी असेल तर त्याला बारा वर्षांचं कौतुक नसतं.

तोफ दिली म्हणजे गोळा दिला असं नाही. १५५ मिलिमीटरचा एक वार करायला चार गोष्टी एका जागी हव्यात: स्फोटक भरलेला गोळा, त्याच्या टोकाचा, स्फोट घडवणारा फ्यूझ, गोळ्याला नळीतून ढकलणारा चार्ज आणि चार्ज पेटवणारा प्रायमर. गोळ्याचं पोलादी कवच एका कारखान्यात घडवतात, त्याच्यावर तांब्याचा पट्टा बसतो, तो नळीतल्या खाचांत रुतून गोळ्याला फिरकी देतो. स्फोटक भरणी दुसऱ्या कारखान्यात होते, चार्ज तिसऱ्या, फ्यूझ चौथ्या. महाराष्ट्रात यासाठी खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, भद्रावती, अंबाझरी अशी सरकारी कारखान्यांची साखळीच आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या आणि दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया पुण्यात आली. साखळीतला एक दुवा थांबला की बाकीचे तीन गोदामात वाट पाहत बसतात. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार दगावले. अशा अपघातानंतर चौकशी पूर्ण होईपर्यंत तो विभाग बंद राहतो, आणि त्याचा फटका पुढच्या सगळ्या भरणीला बसतो.

गोळा फ्यूझ लावून पाठवत नाहीत. टोकाला उचलण्यासाठी कडीचा बूच पिळून बसवलेला असतो, फ्यूझ वेगळ्या सीलबंद खोक्यात जातात आणि तोफेजवळ पोहोचल्यावरच चढवले जातात. समुद्रमार्गाने नेताना सामूहिक स्फोटाचा धोका असलेला माल '१.१' या उपवर्गात मोडतो. प्रत्येक बंदर, प्रत्येक जहाज तो घेत नाही, आणि घेतलाच तर कडक अटींवर. आर्मेनियासारखा चारी बाजूंनी जमीन असलेला देश असेल तर आणखी एक पेच: तुर्कस्तान आणि अझरबैजानच्या सीमा बंद, म्हणजे जमिनीवरून वाट एक तर इराणमधून किंवा जॉर्जियामधून. त्या देशांची वाहतुकीची परवानगी नसेल तर माल तयार असूनही काही उपयोग नाही.

आणि वजन? एक गोळा सुमारे ४५ किलोचा. सहा तोफांच्या तुकडीने, म्हणजे बॅटरीने, दिवसाला तोफेमागे १०० गोळे डागले तर ६०० गोळे, म्हणजे २७ टन, तेही चार्ज, फ्यूझ आणि खोकी न धरता. दहा टनी तीन ट्रक फक्त गोळ्यांना. पिनाका या वाहनावरून रॉकेटं डागणाऱ्या यंत्रणेचं गणित अजून भारी आहे. एका वाहनावर १२ रॉकेटं, बॅटरीत सहा वाहनं, म्हणजे ७२ रॉकेटं ४४ सेकंदांत रिकामी. एकेक रॉकेट पावणेतीनशे किलोच्या घरात, म्हणजे वीस टन सामान एक मिनिट संपायच्या आत उडून गेलं. म्हणून शस्त्र घेणारा देश शहाणा असेल तर तोफांच्या संख्येपेक्षा दारूगोळ्याच्या पुरवठ्याचा करार बारकाईने वाचतो.

इथे एक तांत्रिक खोच आहे, ती बातम्यांत कधीच येत नाही. नाटोच्या मापाच्या ५२ कॅलिबर (नळी व्यासाच्या ५२ पट) तोफांचा चार्ज बसण्याचा कोठा २३ लिटरचा असतो, एटॅग्सचा २५ लिटरचा. त्यामुळे इतरांत चार्जचे सहा भाग बसतात, तिथे एटॅग्स सात घेते आणि लांब मारते. पण या जास्तीच्या पल्ल्यासाठी तिच्या जुळणीचेच चार्ज आणि फायरिंग टेबल लागतात. फायरिंग टेबल म्हणजे अमुक गोळा, अमुक चार्ज, अमुक कोन असेल तर गोळा कुठे पडेल याचा तक्ता. तो शेकडो चाचण्या करून तयार होतो. घेणाऱ्या देशाच्या गोदामात आधीपासून युरोपीय गोळे असतील तर ते या नळीतून डागण्यासाठी नवीन तक्ता करावा लागतो. तो न करता अंदाजाने डागलं तर गोळा आपल्याच माणसांवर पडू शकतो. चाचण्या पुण्यात होत नाहीत, त्यासाठी पोखरण किंवा ओडिशातलं चांदीपूर गाठावं लागतं.

नळीही कायमची नसते. गरम वायूंनी तिच्या खाचांची सुरुवात खरवडली जाते, पूर्ण चार्ज वापरला तर जास्त. झीज झाली की गोळ्याचा वेग उतरतो आणि तो अलीकडे पडू लागतो. म्हणून मापक घालून झीज मोजायची, तिची नोंदवही ठेवायची आणि ठराविक झिजेनंतर नळी बदलायची. चार्जमधली नायट्रोसेल्युलोजची दारू हळूहळू विघटते. तिच्यातला स्थिरक संपत जातो, उष्ण गोदामात वेगाने. दर काही काळाने नमुना काढून तपासावा लागतो, नाहीतर कोठार स्वतःहून पेटण्याचा धोका. या प्रकारच्या दारूचं संशोधन पुण्यातच सुतारवाडीच्या एचईएमआरएल या प्रयोगशाळेत चालतं. मित्रदेशाकडे अशी प्रयोगशाळा नसेल तर नमुने तपासायची सोय कोण करणार, हेही करारात लिहावं लागतं.

कुठे फसलं, का फसलं

इक्वेडोरने भारताकडून सात ध्रुव हेलिकॉप्टरं घेतली. दक्षिण अमेरिकेतली ती मोठी संधी होती. पुढच्या काही वर्षांत सातांपैकी चार कोसळली. काहींत वैमानिकाची चूक, काहींत यांत्रिक बिघाड अशी कारणं निघाली. इक्वेडोरची तक्रार फक्त अपघातांची नव्हती, सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत हीसुद्धा होती. २०१५ मध्ये त्यांनी करार मोडला. विक्रीनंतरची सेवा अर्ध्या जगापलीकडे द्यायची तर तिथे भागांचा साठा, तंत्रज्ञ आणि दुरुस्तीचं केंद्र उभं करावं लागतं. सात हेलिकॉप्टरांसाठी हा खर्च परवडत नाही, आणि तो न केल्यास आठवं हेलिकॉप्टर विकलं जात नाही.

अफगाणिस्तानला भारताने २०१५-१६ मध्ये चार एमआय-२५ लढाऊ हेलिकॉप्टरं दिली. मूळ रशियन बनावट, सुटे भाग रशियन, म्हणजे दाता भारत आणि चावी तिसऱ्याकडे. पुढे भारताने बेलारूसकडून आणखी चार मिळवून दिली. ऑगस्ट २०२१ मध्ये कुंदूझचा विमानतळ तालिबानने घेतला तेव्हा भारताच्या भेटीपैकी एक हेलिकॉप्टर त्यांच्या हाती लागल्याच्या बातम्या आल्या. म्यानमारचंही तसंच: २०२० मध्ये सिंधुवीर ही पाणबुडी डागडुजी करून त्यांच्या नौदलाला दिली, फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता उलथवली. शस्त्र सरकारला दिलं जातं आणि सरकारं बदलतात. यावर कुठलंही प्रमाणपत्र चालत नाही.

मालदीवची गोष्ट निराळी. भारताने दिलेली हेलिकॉप्टरं आणि डॉर्नियर विमान चालवायला भारतीय सैनिक तिथे होते. रुग्णांना बेटांवरून उचलून आणण्याचं काम ते करत. पण 'परदेशी सैन्य आपल्या भूमीवर' हा तिथल्या निवडणुकीचा मुद्दा झाला. मे २०२४ पर्यंत सैनिक परत आले, त्यांच्या जागी भारताचेच बिगरलष्करी तंत्रज्ञ गेले. विमानं तीच, कामही तेच, गणवेश तेवढा गेला. ही तडजोड आधीच करता आली असती, असं आमचं मत. छोट्या देशात मदत करताना यंत्राबरोबर गणवेशातला माणूस पाठवला की यंत्राची किंमत वाढत नाही, राजकीय किंमत वाढते.

मग स्वतः आयात करणारा देश बाहेर का विकतो?

हा प्रश्न रास्त आहे. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या आकड्यांनुसार २०२०-२४ या काळात युक्रेननंतर भारत जगातला दुसरा मोठा शस्त्र आयातदार होता. दुसरीकडे निर्यातही चढली: २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी, २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी. या दुसऱ्या आकड्यातला १५,२३३ कोटींचा वाटा खासगी कंपन्यांचा. सगळी निर्यात म्हणजे मित्रदेशाला मदत असं मात्र नाही. हैदराबादला बनणारे अपाचे हेलिकॉप्टरचे सांगाडे अमेरिकन कंपनीच्या साखळीत जातात, तेही निर्यातीतच मोजले जातात.

विकण्याचं खरं कारण कारखान्यात दिसतं. आपल्या लष्कराची ऑर्डर एकदा येते, तीन-चार वर्षांत पुरी होते, आणि पुढची येईपर्यंत मोठी फट पडते. भोसरी, चाकण, पिरंगुटला असे लहान कारखाने आहेत की ज्यांनी संरक्षणाच्या एखाद्या भागासाठी खास यंत्र घेतलेलं असतं, गुणवत्ता तपासणीच्या मंजुऱ्या मिळवलेल्या असतात. फट पडली की त्यांचा कुशल कामगार वाहनउद्योगात जातो, आणि दोन वर्षांनी ऑर्डर आली तर पुन्हा शून्यापासून मंजुऱ्या. मधल्या काळात परदेशी ऑर्डर असेल तर लाइन चालू राहते, आणि युद्धाची वेळ आली तर आपल्यालाच त्याच लाइनवरून जास्त माल काढता येतो. उलट बाजूही लक्षात ठेवावी: दोन्ही ऑर्डरी एकदम आल्या तर कोणाला आधी, याचं उत्तर करारात आधीच लिहिलेलं नसेल तर मित्रदेश नाराज होतो किंवा आपलं लष्कर.

शिक्षणाची मदत मात्र स्वस्त आणि टिकाऊ. खडकवासल्याच्या एनडीएत मित्रदेशांचे कॅडेट आपल्या मुलांबरोबर तीन वर्षं राहतात, आणि त्यांतले काही पुढे आपापल्या सैन्यात मोठ्या पदांवर पोहोचतात. तिथल्या मुख्य इमारतीचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या भारतीय सैनिकांची आठवण म्हणून सुदानने एक लाख पौंड दिले होते, फाळणीनंतर त्यातले ७० हजार भारताच्या वाट्याला आले, त्यातून ती उभी राहिली. औंधला मार्च २०१६ मध्ये बहुराष्ट्रीय 'फोर्स १८', सप्टेंबर २०१८ मध्ये बंगालच्या उपसागराभोवतालच्या 'बिमस्टेक' गटातल्या देशांचा, मार्च २०१९ आणि मार्च २०२३ मध्ये आफ्रिकी देशांबरोबरचा सराव झाला. सरावाच्या कडेला देशी शस्त्रांचं प्रदर्शनही मांडलं जातं, हे गिऱ्हाईक ओळखणाऱ्याला सांगायला नको. राजकारण तिथेही शिरतं: २०१८ च्या सरावाला नेपाळने ऐनवेळी तुकडी न पाठवता फक्त निरीक्षक पाठवले.

बातमी वाचताना

'खरेदीला मंजुरी' अशी बातमी आली तर ती बहुधा संरक्षण खरेदी परिषदेने गरज मान्य केल्याची असते. हा साखरपुडासुद्धा नव्हे, पत्रिका जुळली एवढंच. पुढे निविदा, चाचण्या, किमतीची घासाघीस, आणि मग करार. मध्ये पाच-सात वर्षं सहज जातात, काही प्रस्ताव तर वाटेतच मरतात. सामंजस्य करार म्हणजे ऑर्डर नव्हे. कर्जमर्यादा म्हणजे खर्च नव्हे. निर्यात परवाना म्हणजे माल गेला असंही नव्हे. बातमीत करारावर सही झाल्याची तारीख आणि पहिल्या खेपेची तारीख दोन्ही असतील तरच ती गंभीर समजावी.

देशाचं नाव बहुतेक वेळा सरकार सांगत नाही. संसदेतल्या प्रश्नांना संवेदनशीलतेचं कारण देऊन ते टाळलं जातं. पण शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला मोठी ऑर्डर मिळाली की बाजाराला कळवावंच लागतं. पुण्याच्या भारत फोर्जच्या गटाला १५५ मिलिमीटरच्या तोफांची १५.५५ कोटी डॉलरची परदेशी ऑर्डर मिळाली, हे नोव्हेंबर २०२२ मध्ये तसंच कळलं. रक्कम आणि मुदत त्यात दिली होती. देशाच्या नावाच्या जागी एवढंच लिहिलं होतं की तो संघर्षक्षेत्रातला नाही.